डाव्या चाकाआडची मूठ

मी एका जुन्या गाडीचा जुना ब्रेक कॅलिपर आहे, आणि मित्रांनो, मी आखडलो तर त्यात गाडीचे मालक फरहातकाका यांचा फायदाच फायदा होता. सकाळची कॉफी आयती मिळत राहिली असती. वर्तमानपत्र वाचून दाखवायला घरात माणूस राहिले असते. पत्त्यांच्या डावात त्यांच्याकडून मुद्दाम हरायला कोणीतरी समोर बसले असते. थोडक्यात, त्यांची एकुलती एक मुलगी दलेंदा समुद्रापलीकडच्या शाळेत नोकरीला गेली नसती. आणि दोष कोणाचा? लोखंडाचा. लोखंडाला कोण जाब विचारतो?

म्हणूनच त्या रविवारी मी खरोखर आखडलो, तेव्हा सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिले आणि मग फरहातकाकांकडे. त्यातले खरे काय ते मला ठाऊक आहे. पण आधी माझी ओळख करून देतो, कारण माझ्यासारख्यांची ओळख बिघाड झाल्याशिवाय कोणी करून घेत नाही.

गाडीच्या पुढच्या चाकाआड एक लोखंडी थाळी चाकाबरोबर गरगर फिरत असते. तिला डिस्क म्हणतात. त्या थाळीला दोन्ही बाजूंनी कवटाळून बसलेली मूठ म्हणजे मी. पायाने ब्रेक दाबला की माझ्या पोटातला पिस्टन पुढे सरकतो, माझ्या तळव्यातले दोन पॅड थाळीला आवळतात आणि गाडी थांबते. पाय उचलला की मी मूठ सैल करायची. मागेपुढे सरकता यावे म्हणून मला दोन गुळगुळीत पिना दिलेल्या आहेत आणि त्या पिनांवर धूळ बसू नये म्हणून रबरी टोप्या. एवढाच माझा संसार. पकडण्याबद्दल लोक माझी वाहवा करतात; सोडण्याबद्दल आजवर कोणी शाब्बास म्हटलेले नाही.

माझा जन्म फ्रान्समधल्या एका थंड गावातल्या ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतले, मी झालो. मग मला एका पांढऱ्या गाडीच्या डाव्या चाकाआड बसवले. ती गाडी पुढे जुनी झाल्यावर मार्सेयमध्ये किराणा दुकान चालवणाऱ्या बेल्गासम नावाच्या गृहस्थाने घेतली. बेल्गासम मूळचा जेरबा बेटावरच्या गल्लाला गावचा. दर उन्हाळ्यात तो गाडीच्या टपावर गाद्या, दोन सायकली, एक शिलाई मशीन आणि वरून ताडपत्री असा डोंगर रचायचा, जहाजाने ट्युनिसला उतरायचा आणि दिवसभर गाडी हाकत घरी यायचा. त्या ओझ्याने उतारावर माझे पॅड असे तापायचे की त्यांच्यावर भाकरी भाजली असती. पण गावात शिरताना लहानथोर धावत पुढे यायचे, आणि बेल्गासम उगाचच दोनतीनदा ब्रेक दाबून गाडी थांबवायचा. तेवढेच लोकांना नीट पाहता यावे.

चौथ्या उन्हाळ्यात त्याने गाडी धाकट्या भावाला, म्हणजे फरहातकाकांना देऊन टाकली. यात थोरल्याला मोठेपणा मिळाला, धाकट्याला गाडी मिळाली, आणि तोटा फक्त काकांच्या गाढवाला झाला. ते त्याच आठवड्यात विकले गेले.

ते दिवस आठवले की आजही माझा पिस्टन भरून येतो. काकांची जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, बावीस झाडे होती. हिवाळ्याच्या तोंडाशी फळे उतरवली की पोती गाडीत घालून घाण्यावर जायचे, आणि येताना गल्लालाच्या कुंभारांनी घडवलेल्या मातीच्या रांजणांतून तेल घेऊन यायचे. पुढे काका, शेजारी त्यांची बायको मबरूका, मागे रांजणांच्या मध्ये अंग चोरून बसलेली लहानगी दलेंदा. खड्डा आला की मबरूका ओरडायची, "हळू! रांजण फुटेल!" दलेंदा मागून म्हणायची, "आणि मी?" आणि काका म्हणायचे, "तू फुटत नाहीस, तुला मी स्वतः तपासून घेतलंय."

वर्षातून दोनदा आम्ही मबरूकाच्या माहेरी, म्हणजे समुद्रापलीकडे जायचो. त्यासाठी अजीमच्या धक्क्यावर रांग लावायची आणि गाडीसकट नावेवर चढायचे. एकदा नावेच्या उतरत्या फळीवर पुढची टेम्पोगाडी एकाएकी थबकली. काकांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. मी थाळी अशी धरली की आमची गाडी तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबली. मबरूकाच्या मांडीवर तेलाचे भांडे होते. त्यातला थेंबही सांडला नाही. ती खाली उतरली, वाकली, आणि माझ्या चाकावर थाप मारून म्हणाली, "हात शाबूत राहोत तुझे!" मित्रांनो, माझ्या आयुष्यातले हे एकमेव प्रशस्तिपत्र. ते मी अजून गंज चढू न देता जपले आहे.

मग मबरूका वारली.

त्यानंतर काकांनी गाडी अंजिराच्या झाडाखाली उभी केली, ती दोन वर्षे हलवलीच नाही. विचारले तर म्हणायचे, "कुठं जायचंय?" बेटावरची हवा खारी. तिने माझ्या अंगाला हळूहळू खरवडायला सुरुवात केली. रबरी टोप्यांना भेगा पडल्या. टपावर मांजर व्याली, बॉनेटवर कोंबड्या बसू लागल्या. चालणाऱ्या गाडीचे पार्ट झिजतात, हे सगळ्यांना कळते. उभ्या गाडीचे पार्ट झुरतात, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

दलेंदा एव्हाना एकतीस वर्षांची झाली होती. गणिताची पदवी घेऊन सात वर्षे नेमणुकीची वाट पाहत होती. सरकारी यादी निघायची, तिचे नाव नसायचे, आणि ती पुन्हा शेजारपाजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागायची. शेवटी एका ऑगस्टमध्ये पत्र आले. पलीकडच्या बीर सदरा गावच्या शाळेत जागा मिळाली होती. सप्टेंबरातल्या ठरल्या सोमवारी सकाळी आठला हजर होऊन सही करायची. सही झाली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला. त्या गावाला सकाळी वेळेवर पोहोचणारे एकही वाहन नव्हते. म्हणजे गाडी हवी. म्हणजे मी हवा.

पत्र आले त्याच शुक्रवारी फरहातकाका माझ्याकडे आले.

आता तुम्हाला काकांची एक खोड सांगितली पाहिजे. त्यांचा जगात एकाच औषधावर विश्वास होता, ते म्हणजे त्यांच्या झाडांचे तेल. कान दुखला, तेल. दार कुरकुरले, तेल. खोकला झाला, कोमट तेल. एकदा रेडिओ बिघडला तेव्हा त्यातही त्यांनी दोन थेंब सोडले. रेडिओ पुन्हा कधी बोलला नाही, पण काकांचे म्हणणे असे की बिचारा निदान त्रास न होता गेला.

दलेंदा कागदपत्रांसाठी हूमत सूकला, म्हणजे बेटावरच्या मोठ्या गावी, गेलेली असताना काकांनी चाक उतरवले, माझ्या दोन्ही पिना सैल करून अर्ध्या बाहेर ओढल्या, रबरी टोप्या मागे सारल्या आणि स्वयंपाकघरातल्या चमच्याने आत तेल सोडले. मग पिना आवळून, तेलकट बोटांनी मला चोळत ते पुटपुटले, "नीट चाल रे बाबा. पोरगी एकटी जाणार आहे."

एवढेच म्हणाले. मग तेल मुरावे म्हणून गाडी बाजारापर्यंत नेऊन आणली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा. असे पाच शुक्रवार झाले.

मित्रांनो, जे तेल भाकरीवर सोने, ते माझ्या पिनांवर विष. ब्रेक तापला की ते तेल आटते, पिवळे होते, मग तपकिरी, आणि शेवटी डिंकासारखे चिकटून बसते. रबर तर ते पिऊन फुगते. पहिल्या आठवड्यात मी जरा मजेत सरकलो. तिसऱ्या आठवड्यात अंग जड झाले. पाचव्या आठवड्यात मी थाळी धरली की सोडता येईना.

रविवारी सकाळी दलेंदा धक्क्यापर्यंत सराव करून आली. गाडी सारखी डावीकडे ओढत होती आणि जळका वास येत होता. अंगणात उतरल्या उतरल्या तिने भांडेभर पाणी माझ्या चाकावर ओतले. चर्रर्र! वाफच निघाली. उजव्या चाकावर ओतले, तर पाणी गुपचूप खाली निथळले.

"डावा कॅलिपर आखडलाय," ती म्हणाली.

"मेकॅनिकला बोलावू," काका म्हणाले.

"तो लग्नाला गेलाय."

"मग उद्या येईल."

"बाबा, सात दिवसांचं लग्न आहे, आज तिसरा दिवस. आणि उद्या सकाळी आठला मला तिथं सही करायचीय."

 कुंपणापलीकडून आवाज आला. शेजारच्या खदूजाखालाचा. तिचा नवरा हयात असताना गावभरचे नळ दुरुस्त करायचा. तो गेल्यापासून खाला गावभरची माणसे दुरुस्त करते.

"फरहात, चेहरा असा का केलायस? चाक अडकलं म्हणून दुःख झालंय की आनंद, तेच कळेना."

"खदूजा, तू तुझी भाजी बघ."

"भाजी शिजतेय. तुझं काय शिजतंय ते बघायला आले."

आणि ती फाटक ढकलून आत आलीच.

दलेंदाने फोनवर असल्या दुरुस्त्या पाहून ठेवल्या होत्या. तिने मागच्या चाकांना दगड लावले, जॅकने पुढची बाजू उचलली, खाली जैतुनाचा जाड ओंडका सरकवला आणि चाक हाताने फिरवून पाहिले. हलेना. मग तिने माझ्या पाठीवरचा हवा काढायचा लहान स्क्रू सैल केला. ब्रेकची नळी आतून तुंबली असती, तर कोंडलेले ऑइल चिळकन बाहेर उडाले असते आणि मी लगेच सैल झालो असतो. थेंबभर आले, मी तसाच.

"नळीचा दोष नाही," ती म्हणाली. मग तिने मला थाळीवरून उतरवले आणि सुताराच्या शिकंज्याने पिस्टन हळूच दाबला. तो कुरकुरत का होईना, आत गेला. "पिस्टनही ठीक. मग राहिल्या पिना."

वरची पिन तिने पक्कडीने ओढली. येईना. पिळली. तिचे एक नख तुटले, तेव्हा कुठे पिन निघाली. तिच्यावर तपकिरी चिकट थर होता. रबरी टोप्या तळलेल्या पुऱ्यांसारख्या टम्म फुगल्या होत्या. दलेंदाने पिन नाकाशी नेली आणि तशीच थांबली.

"बाबा, हे आपल्या झाडांचं तेल आहे."

"असणारच. दुसऱ्याचं मी घरात आणत नाही."

"इथं कसं आलं?"

"मी घातलं. दर शुक्रवारी."

"कधीपासून?"

"तुझं पत्र आलं तेव्हापासून."

 दलेंदा उठून उभी राहिली. "पाच आठवडे मी आत बसून पाठांच्या वह्या भरतेय, आणि तुम्ही इथं बाहेर माझी गाडी जाम करताय?"

"जाम? मी? अगं, मी तर—"

"मी जायला नकोच होतं तुम्हाला. सरळ म्हणायचं होतंत, राहा म्हणून."

"म्हटलं असतं तर राहिली असतीस?"

"नाही."

"मग कशाला म्हणू?"

या उत्तराने काकांची बाजू बळकट झाली नाही, हे मलाही कळले. मित्रांनो, मी साक्षीदार होतो. त्या पाचही शुक्रवारी काका काय पुटपुटले ते मी ऐकले होते. पण माझी बोलती फक्त थाळीशी, आणि तीही किंचाळून. बिनचाकाचा, बिनपिनांचा मी तिथे तारेने टांगलेला होतो. माणसांची बोटे मी ओळखतो. ती बोटे मला मारायला आली नव्हती, एवढे मी शपथेवर सांगितले असते. पण मला कोण विचारतो!

खदूजाखालाने दोघांकडे पाहिले, घरी गेली आणि नवऱ्याची हत्यारांची पेटी घेऊन आली. त्यातून एक पत्र्याची डबी काढली. "हे घे. नळाच्या रबराला लावायचं पांढरं ग्रीस. रबराला बाधत नाही, उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. माझा नवरा म्हणायचा, फरहातपासून लपवून ठेव, नाहीतर त्यातही तेल मिसळेल."

दलेंदाने पिना आधी पेट्रोलने धुतल्या, मग बारीक पॉलिश पेपरने आरशासारख्या केल्या. माझी भोके चिंधीने पिळून पुसली. टोप्या साबणाने धुऊन उन्हात ठेवल्या.  काका दूर अंजिराला टेकून उभे होते. हातात चमचाही नव्हता, त्यामुळे हातांचे काय करावे ते त्यांना समजत नव्हते.

मला पुन्हा थाळीवर बसवले. पण स्क्रू उघडल्यामुळे नळीत हवा शिरली होती. ती काढल्याशिवाय ब्रेक लागत नाही, आणि ते काम एकट्याचे नाही. एकाने आत बसून पाय दाबायचा, दुसऱ्याने चाकाशी बसून स्क्रू उघडायचा. खालाचे गुडघे तिला गाडीत चढू देत नव्हते. राहिले काका.

"बसा आत," दलेंदा त्यांच्याकडे न पाहता म्हणाली. "मी सांगेन तेव्हा दाबा, सांगेन तेव्हा सोडा."

काका आत बसायला गेले आणि अडकले. माणूस सहा फूट उंच. गुडघे स्टिअरिंगला, हनुवटी छातीला.

"काय झालं?" दलेंदाने विचारले.

"काही नाही. बसलो."

"बाबा, सीट मागे घ्या की!"

"नको. राहू दे तशीच."

"अहो, पाय हलत नाहीये तुमचा. मागे घ्या."

"सांगतो ना, राहू दे! पुन्हा तशी लागणार नाही. मापाने लावलीय."

"कसल्या मापाने?"

काका स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "दोरीवर तुझी पॅन्ट वाळत होती. तिचं माप बोरूच्या काडीने घेतलं. कमरेपासून टाचेपर्यंत. त्या हिशेबाने सीट पुढं घेतली, म्हणजे तुझा पाय ब्रेकवर पुरा पोहोचेल. आरसाही खाली केलाय. त्या खिट्टीला पण... थोडं तेल लावलंय."

खाला फसकन हसली. "वल्लाह! तीस वर्षं मबरूकाला त्या सीटला हात लावू दिला नाहीस, आणि आता दोरीवरच्या विजारीची मापं घेतोयस!"

दलेंदा चाकाशी उकिडवी बसली होती. तिचा चेहरा काकांना दिसत नव्हता, खालाला दिसत नव्हता. मला दिसत होता, कारण ती माझ्यासमोर वीतभरावर होती. तिने मनगटाने नाक पुसले, तर गालावर ग्रीसचा पट्टा उमटला. मग पाना स्क्रूवर ठेवून ती म्हणाली, "दाबा, बाबा."

"दाबला."

"धरून ठेवा... आता सोडा. हळू सोडा हां. गुडघा लागेल तुमचा."

बुडबुडे निघाले. पुन्हा दाबा, पुन्हा धरा, पुन्हा सोडा. अकरा वेळा. बाराव्या वेळी स्वच्छ ऑइल आले. स्क्रू आवळला. दलेंदाने चाक चढवले आणि एका बोटाने ढकलले. ते फिरले, फिरतच राहिले. ब्रेक दाबल्यावर मी धरले, पाय उचलल्यावर सोडले. दोन वर्षांनी माझी मूठ पहिल्यांदा नीट उघडली होती.

मित्रांनो, आज मी बीर सदराच्या शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या त्याच गाडीत आहे. त्या हिवाळ्यात वाऱ्याने नावा बंद पडू लागल्या, तेव्हा दलेंदाने गावातच खोली घेतली. मला नव्या रबरी टोप्या मिळाल्या. माझे वय झाले आहे, आणि एक दिवस माझ्या जागी दुसरा येईल. त्याआधी एवढेच मागतो. गाडी महिनोन्महिने उभी करून ठेवू नका. कुठे जायचे नसले, तरी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणा. दूरवरून आलात की चाकाजवळ हात नेऊन पाहा. एकच चाक तापले असेल, तर तो आमचा निरोप असतो. आणि ज्याला जे लागते तेच त्याला द्या. आपल्याला जे गोड लागते ते सगळ्यांनाच मानवते असे नाही.

आता त्या सोमवारचे राहिले.

पहाटे निघताना फरहातकाका म्हणाले, "चाकाचा आवाज ऐकायला धक्क्यापर्यंत येतो." "परत कसे याल?" दलेंदाने विचारले. "अजीमला पुतण्या आहे, तो सोडेल." शेजारच्या सीटवर बसून वाटभर त्यांनी पायाखालच्या पत्र्यावर ब्रेक दाबला. तिथे ब्रेक नव्हता. धक्क्याच्या उतारावर दलेंदाने दाबला, मी धरले. उचलला, मी सोडले. काका उतरले, चाकाला हात लावून म्हणाले, "गार आहे. जा." नावेची साखळी चढली. दलेंदाने आठला दहा कमी असताना सही केली.

पुतण्या त्या आठवड्यात अजीमला नव्हताच. मेकॅनिक होता त्याच लग्नाला तोही गेला होता, आणि काकांना ते माहीत होते. मुलीने आपल्याला सोडायला परत फिरू नये आणि तिची नाव चुकू नये, म्हणून पुतण्याचे नाव सांगितले. हे खालाने संध्याकाळी आम्ही परतल्यावर अंगणात सगळ्यांसमोर फोडले. तिचा हिशेब ऐका: तिचे डबीभर ग्रीस गेले, दलेंदाचे एक नख गेले, माझ्या दोन टोप्या वाया गेल्या. आणि धक्क्यापासून गल्लालापर्यंतचे अकरा किलोमीटर, चढासकट, उन्हात, फरहातकाका एकटे चालले. घरी पोहोचले तेव्हा दुपारची अजान होत होती आणि जोडे त्यांच्या हातात होते.